अवघड अभ्यासात मजा येणं हा गुन्हा आहे का?

आदरणीय मॅडम,

मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश मिळाला तेव्हा घरच्यांपेक्षा मीच जास्त नाचले होते. आता पुस्तक उघडलं की आधी उरलेली पानं मोजते. एक विषय हातात घेतला की मागचा पुसला गेलेला असतो. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत मला चांगले मार्क होते. परवा वॉर्डमध्ये सरांनी एका नर्व्हचा मार्ग विचारला, तर मला तिचं नावसुद्धा धड घेता येईना. आमच्या बॅचमधला एक मुलगा सारखा म्हणतो, “मला हे सगळं जाम आवडतंय.” सीनिअर म्हणतात, “हेच दिवस मजेचे, नंतर आठवतील.” मला ही मजा कुठे दिसतच नाही. माझ्यात काही कमी आहे का?

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. मेडिसिनच्या पोस्टिंगला एका काकांच्या छातीवर मला पहिल्यांदा खराखुरा मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची एक झडप आक्रसल्याचा. तोपर्यंत सगळे मान डोलवतात म्हणून मीही डोलवायचे. मला इतका आनंद झाला की मी हसले असणार. काकांनी माझ्याकडे बघत विचारलं, “सापडलं का?” मी काहीतरी पुटपुटले आणि बाजूला झाले. त्या माणसाला एक जिना चढवत नाही आणि मी खूश होते! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मजा अशी असेल तर मला ती नकोच.

पुढच्या महिन्यात सर्जरी आहे. तिथे म्हणे तासन्‌तास रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा ओढून ठेवायचं अवजार, धरून उभं राहावं लागतं. त्यात कसली मजा असते, तेही सांगा.

– तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

पत्राच्या पहिल्या भागात तुझी तक्रार आहे की मजा येत नाही. दुसऱ्या भागात तक्रार आहे की मजा आली. म्हणजे ती यायची सोय तुझ्यात शाबूत आहे, तेव्हा “माझ्यात काही कमी आहे का” हा प्रश्न इथेच निकालात काढू. झोप उडाली ती दुसऱ्या भागामुळे, म्हणून आधी तोच घेते.

मायट्रल स्टेनोसिसचा मर्मर भल्याभल्या नवशिक्यांना रडवतो. खोल, घरघरता, दबका आवाज, आणि तोही एपेक्सजवळच्या, म्हणजे हृदयाच्या टोकाजवळच्या, इवल्याशा जागेत. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, बोटाने ठोका शोधायचा, तिथे स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, नुसती टेकवायची आणि श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगायचं. बेल जरा जोरात दाबली की खालची त्वचा ताणली जाते, तिचाच स्टेथोस्कोपच्या दुसऱ्या बाजूसारखा ताणलेला पडदा (डायफ्रॅम) होतो आणि नेमका हवा तो आवाज गायब! त्यात पहिला ठोका कुठला आणि दुसरा कुठला हे कळायला दुसऱ्या हाताचं बोट मानेतल्या नाडीवर ठेवावं लागतं. बोट, कान आणि फिजिऑलॉजीचं पुस्तक अशी तिघांची मोट एकाच वेळी बांधली गेली, तेव्हा कुठे तुला तो आवाज ऐकू आला. तो ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, अशा विद्यार्थ्याची मला जास्त काळजी वाटते.

तुझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप जन्मला तोही अशाच आनंदातून. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरसमोर हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण मुलगी होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे थेट छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला. ठोके कानाने ऐकू येत त्याहून स्पष्ट ऐकू आले. १८१९ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने हा प्रसंग लिहिलाय आणि आपल्याला आश्चर्य वाटलं तसाच आनंदही झाला, हेही न लपवता लिहिलंय. ती मुलगी आजारी आहे याचा हा आनंद होता, असं कुणी म्हणेल का? झाकलेली गोष्ट उघडी झाली, याचा तो आनंद होता. त्या नळीतून ऐकत त्याने क्षयाच्या छातीतले आवाज एकेक करून नोंदवले आणि १८२६ मध्ये क्षयानेच गेला.

पण एवढ्यावर तुला सोडत नाही. तुझ्या मनातला हा बारीक फरक काकांना कसा दिसणार? त्यांना दिसलं ते तुझं हसू. तुझी बोच खोटी नाही, फक्त तिचा रोख चुकलाय. आनंद झाला याबद्दल मनाला खात बसू नकोस. त्यानंतर काकांशी एक शब्द न बोलता तू बाजूला झालीस, ते मात्र बदलण्यासारखं आहे.

“सापडलं का?” या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं. “हो काका, आमच्या सरांनी सांगितला होता तो आवाज आज मला पहिल्यांदा ऐकू आला. तुमच्यामुळे शिकले. तुमच्या आजाराचं काय ते युनिटचे डॉक्टर नीट समजावतील, त्यांना मी तुमचा प्रश्न सांगते.” निदान सांगायचा अधिकार अजून तुझा नाही, म्हणून तेवढं टाळायचं. बाकी सगळं खरं बोलायचं. आपल्या छातीत काय शोधलं जातंय याचं कुतूहल कुणाला नसतं? आपण कुणाच्या शिकण्याच्या उपयोगी पडलो हे ऐकून बऱ्याच पेशंटना बरं वाटतं. ज्यांना नाही वाटत, त्यांना निदान आपल्याला वगळून काही चाललेलं नाही एवढं तरी कळतं.

मग पुढचं. ऐकण्याआधी स्वतःचं नाव सांगायचं, विचारायचं, स्टेथोस्कोप तळहातावर घासून कोमट करायचा, काम झालं की कपडे सारखे करायचे. तुझ्याआधी पाच जणांनी ऐकलं असेल आणि काका दमलेले दिसत असतील, तर सहावी होऊ नकोस. मर्मर दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. आणि पेशंटला ऐकू जाईल असं “क्लासिक केस आहे” कधी म्हणायचं नाही. हे वाक्य मी चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी कॉटवरच्या माणसाचा चेहरा बघितलाय. क्लासिक म्हणजे चांगलं की वाईट, हे त्याला कोण सांगणार?

आता त्या जिन्याकडे वळू, कारण तो तुला फार लागलाय. काकांना जिना का चढवत नाही, हे तुला सांगता येईल का? पुस्तक न उघडता सांगून बघ. मायट्रल झडपेची वाट एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ती आक्रसत दीडच्या आसपास किंवा त्याखाली आली की आजार गंभीर धरतात. डाव्या एट्रियममधलं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातलं, रक्त त्या चिंचोळ्या वाटेने खाली उतरायला वेळ लागतो, आणि हा वेळ मिळतो डायस्टोलमध्ये, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये हृदय सैलावून भरतं तेव्हा. जिना चढताना नाडी वाढते. नाडी वाढली की सगळ्यात जास्त काट बसते ती डायस्टोललाच. रक्त वर तुंबतं, एट्रियममधला दाब वाढतो, तो मागे फुफ्फुसांपर्यंत पोचतो आणि काका तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कठडा धरून उभे राहतात. नाडी आवरणारी गोळी अशा पेशंटना का उपयोगी पडते, तेही यातच आलं. आता सांग, हे उमजताना जो आनंद होतो तो काकांच्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा?

तुझ्याकडे आत्ता एक अशी गोष्ट आहे, जी वॉर्डमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ती म्हणजे वेळ. इंटर्न रिपोर्टच्या मागे पळतोय, रेसिडेंटचा फोन थांबत नाही, सरांना राउंड संपवून ओपीडी गाठायचीय. स्टूल ओढून अर्धा तास काकांजवळ बसू शकणारी त्या मजल्यावर तू एकटीच असशील. झोपताना उशा किती लागतात, रात्री दम लागून उठून बसावं लागतं का, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे विचार. शेवटच्या प्रश्नाला “हो, शाळेत असताना महिनाभर अंथरुणात होतो” असं उत्तर आलं, तर रुमॅटिक फीव्हरचा जो धडा तुला कोरडा वाटला होता तो एका माणसाचं चरित्र होऊन समोर येईल. घशाचं साधं इन्फेक्शन, मग ताप आणि सांधे, मग कित्येक वर्षं काहीच नाही, आणि मग एक दिवस जिना. विद्यार्थ्याने घेतलेल्या हिस्ट्रीत कधीकधी असं काही निघतं जे घाईत सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं असतं. तसं निघालं तर रेसिडेंटला जाऊन सांग. तो तेव्हा वैतागेल, पण लिहून घेईल.

आता पहिला भाग, विसरण्याचा.

सरांनी कुठली नर्व्ह विचारली ते तू लिहिलं नाहीस. मी रिकरंट लॅरिंजिअल धरते, कारण वॉर्डमध्ये विचारायला ती सगळ्यांची लाडकी. ती स्वरयंत्राकडे जाते, पण सरळ जात नाही. डावीकडची व्हेगस या मोठ्या नर्व्हमधून फुटते ती थेट छातीत, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि पुन्हा गळ्यात चढते. उजवीकडची सबक्लेव्हिअन या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते. हे तू पहिल्या वर्षी पाठ केलंस, लिहिलंस, मार्क घेतलेस आणि विसरलीस. विसरणारच, कारण तुला एक वाकडा रस्ता दिला गेला आणि तो वाकडा का, हे कुणी सांगितलं नाही. गर्भात गळा आणि हृदय शेजारी शेजारी असतात. नर्व्ह तेव्हा रक्तवाहिनीच्या खालून आखूड वाटेनेच जात असते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि जाताना त्या नर्व्हला आकड्यासारखं खाली ओढून नेतं. जिराफात हाच फेरा काही मीटरचा होतो!

आणि आता तुझे काका. मायट्रल स्टेनोसिसमध्ये डावं एट्रियम फुगतं, फुफ्फुसाकडे जाणारी रोहिणी ताणली जाते, आणि तिच्या आणि महाधमनीच्या मधल्या सांदीत ही नर्व्ह चेपू शकते. अशा पेशंटचा आवाज बसतो. हे फार क्वचित घडतं. नॉर्बर्ट ऑर्टनर या डॉक्टरने १८९७ मध्ये असे पेशंट नोंदवले, म्हणून त्याचं नाव या प्रकाराला मिळालं. म्हणजे आवाज बसलाय म्हणून माणूस घशाच्या डॉक्टरकडे जातो आणि दुखणं निघतं हृदयात. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातली गाठही हाच खेळ करू शकते. आता हा मार्ग तू विसरून दाखव.

अभ्यासातली मजा म्हणतात ती मला तरी इथेच सापडली आहे: एका पुस्तकातली गोष्ट दुसऱ्या पुस्तकात भेटते, आणि दोन्ही मिळून एका माणसात भेटतात तिथे. ती वाट बघून येत नाही, मुद्दाम घडवावी लागते. रोज वॉर्डमधून परतताना एक, फक्त एक “का” बरोबर घेऊन ये. अपेंडिक्स उजवीकडे खाली, मग दुखायला बेंबीजवळ का सुरू होतं? पोटातली जळजळ छाती आणि पोटामधल्या पडद्याला (त्यालाही डायफ्रॅमच म्हणतात) भिडली की खांदा का दुखतो? रात्री तेवढ्यापुरतं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, जे लागेल ते उघडायचं. जुनं पुस्तक काढण्यात कमीपणा नाही.

दुसरं, वाचायची पद्धत. माझा अंदाज आहे की तू धडा पुन्हापुन्हा वाचतेस, रंगीत पेनांनी ओळी रंगवतेस आणि तिसऱ्यांदा वाचताना “हे येतंय” असं वाटतं. ते येणं म्हणजे वाटेत भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटणं; नाव विचारलं की ततपप. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर यासाठीच प्रयोग केले. त्यातल्या एका प्रयोगात काहींनी उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला लक्षात राहील अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

म्हणून पुस्तक मिटून कोरा कागद घे आणि ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, काढ. तयारी झाल्यावर नाही, आधीच. अर्ध्यात अडकशील, चिडशील, आपण ढ आहोत असं वाटेल. हे वाटणं सुरू झालं की समज, काम सुरू झालं. आठवायला जी ओढाताण होते, त्यानेच गोष्ट पक्की बसते, आणि आपण नेमके त्याच क्षणी पुस्तक उघडून पाहतो. मैत्रिणीबरोबर बसत असाल तर एकमेकींना समजावून सांगण्याऐवजी एकमेकींना विचारा. चुकलेल्या उत्तरावर हसायची परवानगी असलेली एक मैत्रीण असली की निम्मा अभ्यास सुसह्य होतो.

आणि हो, सगळ्याला “का” नसतो. पाठांतराला नावं ठेवायची हल्ली रीत पडली आहे. मला ती पटत नाही. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. तिथे कुतूहलाला वेळ नसतो. एक्स्टर्नल कॅरोटिड या मानेतल्या धमनीच्या फांद्या, औषधांची नावं, यांना सरळ रट्टा मार. वाह्यात निमॉनिक्स, म्हणजे लक्षात ठेवायची वाक्यं, बनव, जितकी वाह्यात तितकी बरी. यात मजा नाही आली तरी चालेल. दात घासायलाही येत नाही.

त्या बॅचमेटबद्दल एवढंच म्हणेन की त्याला खरंच आवडत असेल तर चांगलंय, त्याच्याकडून नोट्स घे. नसेल आवडत आणि तो नुसतं म्हणत असेल, तर तो तुझ्याइतकाच घाबरलेला आहे.

सीनिअरांच्या सल्ल्याला मात्र एक अट जोडते. मेडिकलमध्ये जे जे कठीण आहे ते ते सगळं आव्हान नसतं. पेशंटसमोर प्रश्न विचारला गेला आणि उत्तर आलं नाही, हे आव्हान. लाज वाटते, कान गरम होतात, पण ते उत्तर जन्मभर विसरत नाही. उत्तर आलं नाही म्हणून अक्कल काढली, घरच्यांवर घसरले, हा अपमान. त्यात मजा शोधायला जाऊ नकोस आणि “आम्हीही सोसलंय” या बोलण्याला भुलू नकोस. चोवीस तास जागं राहणं हीसुद्धा मर्दुमकी नाही. दिवसभर शिकलेलं डोक्यात घट्ट बसायला झोप लागते, हे तुम्हाला शिकवतातच, मग तुमच्याकडूनच ते पाळून का घेत नाहीत हा प्रश्न मी कॉलेज चालवणाऱ्यांना विचारत आले आहे. उत्तर आलं की कळवीन.

तुझ्या पत्रात एक गोष्ट सापडते का म्हणून मी ते दोनदा वाचलं. एक रात्र झोप लागली नाही, हे तू लिहिलंस. इतर रात्रींचं काय? भूक, आंघोळ, घरी फोन करणं, पूर्वी आवडायचं ते काही अजून आवडतं का? हे विचारायला कारण आहे. २०१६ मध्ये जगभरातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा साधारण २७ टक्के जणांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली आणि ११ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. नैराश्याच्या चाचणीत ज्यांच्यात लक्षणं दिसली, त्यांच्यातल्या जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतले. घेतले नाहीत ते कोण? ज्यांना लक्षणांची यादी तोंडपाठ होती ते! पंधरा दिवस सलग मन कशातच रमत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर अभ्यासाची पद्धत बदलून काही होणार नाही. मग डॉक्टरकडे जायचं, पेशंट म्हणून. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, आणि सोबतीला कुणाला तरी घेऊन. मला तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही, तुझ्या वाक्यांत जीव आहे. पण पत्रावरून निदान करायचं नसतं, म्हणून विचारलं.

“मी विद्यार्थी, माझ्या बघण्याला काय किंमत” असं मनात येत असेल, तर एक नाव सांगते. पॉल लँगरहान्स. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये मेडिकलचा विद्यार्थी म्हणून त्याने स्वादुपिंडावर प्रबंध लिहिला. मायक्रोस्कोपखाली त्याला पेशींचे काही वेगळेच पुंजके दिसले होते. ते कशासाठी आहेत ते आपल्याला माहीत नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं. वय २१-२२. त्या पुंजक्यांतून येणारं इन्सुलिन हाताला लागायला १९२१ साल उजाडलं. तोपर्यंत तो हयातही नव्हता. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे मायक्रोस्कोपखाली ऊती बघण्याच्या, स्लाइडला कंटाळून ‘गुलाबी आणि जांभळं’ एवढंच बघणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगते. तेही नेहमीच ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

राहता राहिला रिट्रॅक्टर. तुला खोटं सांगत नाही, नुसता धरून उभं राहिलं तर तो जगातला सगळ्यात कंटाळवाणा दांडा आहे. हात भरून येतो, दिसत काही नाही आणि हलला की ओरडा. पण आदल्या संध्याकाळी ओटीची (ऑपरेशन थिएटरची) यादी लागते, ती बघत जा. उद्या पित्ताशयाचं ऑपरेशन असेल तर रात्री अर्धा तास कॅलॉटचा ट्रँगल काढून बघ: पित्ताशयाची नळी (सिस्टिक डक्ट), यकृतातून येणारी पित्ताची नळी (कॉमन हेपॅटिक डक्ट) आणि यकृताची कड. झां-फ्रांस्वा कॅलॉटने तो १८९१ मध्ये मांडला, तोही डॉक्टरेटच्या प्रबंधातच. त्याच्या त्रिकोणाची वरची बाजू मात्र यकृत नव्हे, सिस्टिक आर्टरी, म्हणजे पित्ताशयाची धमनी, होती. ही धमनी निरनिराळ्या माणसांत निरनिराळी वागते, आणि सर्जन तिथे हळू का होतात, दोनदा का बघतात, ते तुला उभ्या उभ्या कळेल. पेशंटची केस स्वतः घेतलेली असली तर आणखी बरं. मग हिरव्या कपड्याखाली कोण आहे ते माहीत असतं. प्रश्न विचारायचे ते टाके घालायला लागल्यावर; रक्त येत असताना तोंड बंद.

सकाळी काही खाऊन जा. गुडघे ताठ ठेवून उभी राहू नकोस, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत राहा. गरगरायला लागलं, कानात गुंई झालं, घाम फुटला, तर लगेच “मला चक्कर येतेय” म्हणायचं, टेबलापासून मागे सरकायचं आणि जमिनीवर बसायचं. कुणी हसलं तर हसू दे, त्यातले निम्मे कधी ना कधी स्वतः बसलेले असतात. फक्त पुढे, टेबलावर पडू नकोस.